पळसाला पाने तीनच

मनुष्यस्वभावाविषयी मराठीने आपल्याला दोन म्हणी दिल्या आहेत आणि त्या एकमेकींशी भांडणाऱ्या आहेत. 'स्वभावाला औषध नाही' ही पहिली. 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' ही दुसरी. पहिलीचा रोख असा की, माणूस जन्मतः जसा घडला तसाच तो शेवटपर्यंत राहतो. दुसरीचा असा की, देश बदला, वेश बदला, जात बदला, माणूस आतून सगळीकडे सारखाच. घरातल्या घरात या म्हणी निरुपद्रवी असतात. सासूने सुनेविषयी किंवा सुनेने सासूविषयी पहिली म्हण वापरली, म्हणून कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु एखाद्या राज्यसत्तेने ही पहिलीच म्हण उचलली, तिला कायद्याच्या कलमात बसवले आणि ती एका माणसाला नव्हे, तर जमातींच्या जमातींना लावली, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रदेशांच्या इतिहासात वाचायला मिळते, त्यांत यवतमाळ जिल्ह्याचा समावेश करावा लागतो. फाल्गुनात पांढरकवड्याच्या वाटेवर पळस पेटल्यासारखा फुलतो आणि त्याच पळसाच्या आधाराने पारध्यांचे बेडे, बंजाऱ्यांचे तांडे आणि कोलामांचे पोड वसलेले दिसतात. या तिघांच्याही स्वभावाविषयी बाहेरच्यांनी निकाल देऊन ठेवला होता. तो निकाल कसा लागला आणि कसा खोटा ठरला, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी हिंदुस्थान सरकारने त्या वर्षाचा सत्ताविसावा कायदा संमत केला. 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' हे त्याचे नाव. मराठीत तो 'गुन्हेगार जमाती कायदा' म्हणून ओळखला जातो. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे गुन्हे करण्याच्या आहारी गेला आहे असे प्रांतिक सरकारला वाटले, तर त्याने वरिष्ठ सरकारला तसे कळवायचे आणि मग अधिसूचनेने ती संपूर्ण जमात गुन्हेगार ठरायची. त्या जमातीतील माणसांची नोंदवही तयार व्हायची. नोंदलेल्याने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, नेमून दिलेल्या जागीच राहायचे, बाहेर जायचे तर परवाना घ्यायचा. नियम मोडल्यास सक्तमजुरी, दंड किंवा फटके. या अधिसूचनेच्या योग्यायोग्यतेविषयी कोणत्याही न्यायालयाने शंका घ्यायची नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही.

या कायद्यामागचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. मग ज्यांचा धंदाच चोरीचा, त्यांचा मुलगाही चोरच होणार, आणि जोवर तो वंश आहे तोवर चोरी राहणार. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये कायदेविषयक सभासद होते. इंग्लंडमध्ये परतल्यावर त्यांनी फौजदारी कायद्याचा जो इतिहास लिहिला तो आजही नावाजला जातो. म्हणजे अज्ञानाने केलेला हा कायदा नव्हता. विद्वानांनी विचारपूर्वक केलेला होता. जातिव्यवस्थेने माणसाला जन्माने बांधले होते, ही तक्रार हिंदी समाजसुधारक करीत होते. नेमक्या त्याच वेळी युरोपातून आलेल्या उदारमतवादी सत्तेने ती बेडी आणखी एक कडी जोडून पक्की केली, यातला उपरोध कोणाही वाचकाच्या ध्यानात येईल.

मात्र याचा सगळा दोष हिंदुस्थानातील इंग्रजांवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. हवाच तशी होती. इटलीतील वैद्य चेझारे लोम्ब्रोझो यांनी १८७६ मध्ये 'गुन्हेगार मनुष्य' हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. काही माणसे जन्मजात गुन्हेगार असतात आणि कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून ती ओळखता येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे हे शास्त्र टिकले नाही. पण युरोप कवट्या मोजत होता तेव्हा हिंदुस्थानचे सरकार जाती मोजत होते, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वऱ्हाड हा निजामाने १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात दिलेला मुलूख. त्याच्या आग्नेय भागाचा जो जिल्हा बनला, त्याला इंग्रजी दप्तरात 'वून', म्हणजे वणी, असे नाव होते. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून त्याचे नाव यवतमाळ झाले. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच असल्याने कलकत्त्यात केलेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे, त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागे. पण कायद्याचे कलम पोहोचायला वेळ लागला तरी त्यामागची दृष्टी आधीच पोहोचते. मेजर गन्थॉर्प या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत येथे वावरणाऱ्या गुन्हेगार जमातींविषयीचे एक पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. बंजारा, टाकणकार, कैकाडी अशा जमातींची माहिती त्यात पोलिसांच्या उपयोगासाठी दिलेली आहे. पुढे रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांच्या ग्रंथानेही गन्थॉर्पचा आधार घेतला. एका पोलीस अधिकाऱ्याचे टिपण अशा रीतीने मानववंशशास्त्राचा भाग झाले आणि ते पुन्हा पोलीस ठाण्यात प्रमाण म्हणून परत गेले.

यातील बंजाऱ्यांची कथा आधी पाहू, कारण तीत सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

बंजारे ऊर्फ लमाण हे शेकडो वर्षे हिंदुस्थानचे मालवाहतूकदार होते. त्यांच्या बैलांच्या पाठीवर गोणी लादलेल्या असत. समुद्रकाठचे मीठ घाटावर आणि आत वऱ्हाडात, वऱ्हाडचे धान्य आणि कापूस परत, असा हा 'लदेणी'चा व्यवहार चाले. तांड्याचा नायक शब्दाचा पक्का असल्याखेरीज असा धंदा एक हंगामही टिकू शकला नसता, कारण मालाचा धनी आणि माल यांच्यामध्ये महिनोन्‌महिने फक्त नायकाचा शब्दच असे. युद्धाच्या काळातही त्यांच्यावाचून चालत नसे. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली दख्खनेत लढत होता, आणि त्याच मोहिमेत वऱ्हाडातील अडगावची लढाई व गाविलगडचा पाडाव झाला. त्याच्या सैन्याचे पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरविणारा तो हाच वेलस्ली.

१८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. आगगाडीचा एक डबा जेवढा माल नेई, तेवढ्यासाठी कित्येक बैल लागत. बैलाने आगगाडीशी शर्यत लावावी तरी कशी? त्यातच १८७१ सालचा पहिला कायदा होता तो गुरांच्या मोकाट चरण्यासंबंधीचा, म्हणजे कोंडवाड्याचा. त्या वर्षीच्या कायद्यांची यादी समोर ठेवली, तर पहिल्या क्रमांकाला चुकलेल्या गुराला कोंडवाडा दिसतो आणि सत्ताविसाव्या क्रमांकाला हिंडणाऱ्या माणसाला. १८७८ च्या जंगल कायद्याने आणि वऱ्हाडात त्याच धर्तीवर झालेल्या नियमांनी राखीव रानाभोवती रेघ ओढली. हजारो बैल घेऊन फिरणाऱ्या तांड्याला चराई हवी असते. ती बंद झाली. मग काही तांडे डोंगरकडेची हलकी जमीन फोडून शेतीला लागले, काहींनी मोळ्या विकल्या आणि काहींनी गुरे चोरली, वाटा लुटल्या. हे शेवटचे झाले नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्या शेतकऱ्याचा एकुलता एक बैल पेरणीच्या तोंडावर चोरीला गेला, तोही गरीबच होता आणि त्याच्यावरील अन्याय खराच होता. पण दोन पिढ्यांमागे ज्याच्या हाती सावकार आपला माल विश्वासाने सोपवीत असे, तोच माणूस स्वभावाने चोर कसा झाला? स्वभाव बदलला असे म्हणावे, तर जन्मजात स्वभावाचा सिद्धांत कोसळतो. बदलला नाही असे म्हणावे, तर चोरीचे कारण अन्यत्र शोधावे लागते. पोलिसांच्या पुस्तकाने या पेचाकडे पाहिले नाही.

पारध्यांचे प्रकरण अधिक कठीण. फासेपारधी हा तितर, लावा, ससा, हरिण धरणारा. गवतात फाशांची ओळ मांडून, पाखराचा आवाज हुबेहूब काढून त्याला आपल्याकडे वळवावे, ही त्याची विद्या. गायीच्या आडोशाने सावजापर्यंत पोहोचणारे ते गायपारधी, आणि राजेरजवाड्यांसाठी चित्ता शिकवून त्याच्याकडून हरिण मारवणारे ते चित्तेपारधी. टाकणकार हे त्यांच्यातलेच, पण शिकार सोडून दगडाकडे वळलेले. घरोघरच्या जात्याची पाळ झिजली की टाकीने ती पुन्हा खडबडीत करून द्यायची, हा त्यांचा धंदा. जाते टाकवायला आलेला माणूस थेट घरात बसतो, कोठे काय आहे ते त्याला दिसते, म्हणून त्याच्यावर संशय घेणे सोपे होते. १८७१ च्या कायद्यात एक मोठे चमत्कारिक वाक्य आहे. जमातीला काही सनदशीर धंदा आहे काय आणि असल्यास तो खरोखरीचा आहे की गुन्हे करण्यासाठी घेतलेले नुसते निमित्त आहे, हे प्रांतिक सरकारने कळवावे, अशी त्यात अट होती. म्हणजे टाकणकार बेकार असला तर तो चोर, आणि जात्यावर टाकी मारीत बसला असला तर तेही चोरीचेच सोंग! निर्दोष ठरण्यासाठी या दोहोंच्या मध्ये त्याला कोणती जागा उरली होती, हे कायदा करणाऱ्यांनी सांगितलेले नाही. पुढे पिठाच्या गिरण्या खेडोपाडी आल्या, जाती अंगणात उलटी पडली आणि टाकणकाराच्या टाकीला कामच उरले नाही.

याच जंगलात, वणी, केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागात, कोलाम आणि गोंड राहतात. त्यांच्याविषयी इंग्रज अधिकाऱ्यांचे मत अगदी उलट होते. साधे, सत्यवचनी, भित्रे, भोळे. वरवर पाहता ही स्तुती आहे. पण हा निकालही बाहेरूनच दिलेला होता, आणि 'भोळा' ठरलेल्या माणसाची जमीन सावकाराच्या नावे चढताना त्याच्या भोळेपणाची ही ख्याती त्याच्या काही कामी आली नाही. पैनगंगेच्या पलीकडे, तेव्हाच्या निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, १९४० मध्ये कुमराम भीम या गोंड तरुणाने जमीन आणि जंगलावरील हक्कासाठी शस्त्र उचलले आणि तो पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर निजाम सरकारने फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंड आणि कोलाम यांच्या परिस्थितीचा अभ्यास करण्यासाठी नेमले. भोळा म्हणून गणलेला माणूस बंड का करतो, याचे उत्तर त्याच्या स्वभावात नव्हते, महसूल आणि जंगल खात्याच्या दप्तरांत होते.

जंगलाचाच विषय निघाला म्हणून एक प्रसंग. जुलै १९३० मध्ये वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव रानात शिरून गवत कापले आणि शिक्षा भोगली. लोकांनी त्यांचा जयजयकार केला, आणि तो योग्यच होता. त्यांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तेच गवत, त्याच रानात, त्याच विळ्याने एखादा पारधी किंवा कोलाम रोज कापीत होता आणि त्यासाठी मार खात होता. कृत्य एकच असताना एकाचा सत्याग्रह झाला, दुसऱ्याचा गुन्हा. कृत्यावरून माणसाचा स्वभाव ओळखू पाहणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये.

येथवर जे सांगितले ते सरकारचे. ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे.

कोणा माणसांचा स्वभावच दास्याचा असतो, हा विचार आपल्याकडेही झालेला आहे. स्पेनने अमेरिका खंड जिंकला तेव्हा तेथील मूळ रहिवासी जन्मतः गुलाम आहेत काय, असा प्रश्न उभा राहिला. ॲरिस्टॉटलने 'निसर्गतः गुलाम' अशी कल्पना मांडून ठेवली होतीच. २ जून १५३७ रोजी पोप तिसरे पॉल यांनी 'सुब्लिमिस देऊस' हे पत्र काढून स्पष्ट केले की, हे लोक खरेखुरे मनुष्य आहेत आणि त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. १५५० व १५५१ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आज्ञेने वायादोलिद येथे वाद झाला. एका बाजूला पंडित सेपुल्वेदा, दुसऱ्या बाजूला डोमिनिकन संघाचे, चियापासचे माजी बिशप बार्तोलोमे दे लास कासास. मानवजात एक आहे, हा लास कासास यांचा मुद्दा होता. हेच लास कासास पूर्वी एकदा, अमेरिकेतील रहिवाशांवरील भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना करून बसले होते, आणि पुढे त्यांना तिचा पश्चात्ताप झाला, हेही सांगितले पाहिजे. वादाचा असा ठाम निकाल लागलाच नाही आणि तिकडे जुलूम चालूच राहिला. तरीही वायादोलिदला जो प्रश्न विचारला गेला, तो १८७१ मध्ये कलकत्त्यात कोणी त्या जोमाने विचारला नाही.

मूळ पापाची शिकवण हा मनुष्यस्वभावाविषयीचा आपल्या परंपरेतील गंभीर विचार. ती शिकवण ऐकून पुष्कळांना वाटते की, ख्रिस्ती धर्म माणसाला जन्मतः वाईट मानतो, म्हणजे 'जन्मजात गुन्हेगार' या कल्पनेच्या तो फार दूर नाही. वस्तुतः दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मूळ पापाचा वारसा सर्वांना आहे. त्यातून पाटील सुटत नाही, पोलीस सुटत नाही, न्यायाधीश आणि धर्मगुरूही सुटत नाही. १८७१ च्या कायद्याने हा सर्वांचा वारसा गोळा करून काही मोजक्या जमातींच्या नावावर चढवला आणि उरलेल्या समाजाला निर्दोषत्वाचा दाखला दिला. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या आपल्या 'कबुलीजबाबा'त, वयाच्या सोळाव्या वर्षी सवंगड्यांबरोबर केलेल्या पेरचोरीची हकीकत सांगितली आहे. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. चोरी केली ती चोरीच्या आनंदासाठी. वडील नगरसभेचे सभासद, आई संत मोनिका. अशा घरातल्या मुलाला कोणत्याही नोंदवहीत 'गुन्हेगार' म्हणून लिहिले गेले नसते. ऑगस्टीन पापाचे मूळ शोधायला निघाले आणि ते त्यांना शेजारच्या वस्तीत नव्हे, स्वतःत सापडले. याच्या उलट, टोकाच्या गरजेत जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचे घेणे ही खऱ्या अर्थाने चोरीच नव्हे, असे संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात म्हणून ठेवले आहे. उभ्या पिकातली कणसे रात्री मोडून नेणाऱ्या पारध्याला यातले दुसरे लागू पडते की पहिले, हे प्रत्येक प्रसंग पाहून ठरवावे लागेल. पण प्रसंग पाहावा लागेल, एवढे मात्र नक्की. जात पाहून चालणार नाही.

ख्रिस्ती मंडळींनी या कायद्याच्या अंमलबजावणीत भाग घेतला, ही वस्तुस्थिती आहे. बूथ-टकर यांच्या नेतृत्वाखाली साल्व्हेशन आर्मीने १९०८ पासून गोरखपूर आणि अन्यत्र गुन्हेगार जमातींच्या वसाहती चालवल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीचे काम अमेरिकन मराठी मिशनकडे होते. तेथील माणसे कापड गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. या मिशनऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माणूस जन्मजात चोर असतो हे मत त्यांना मान्य असते, तर त्यांनी शाळा काढल्याच नसत्या. तो सुधारू शकतो असा त्यांचा विश्वास होता, आणि काहींचे जीवन तेथील शाळेमुळे पालटलेही. पण १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची मुभा दिली होती, आणि त्या मागची कल्पना अशी की, आईची मांडी हीच गुन्ह्याची शाळा. माझ्या मते ही कल्पना जन्मजात गुन्हेगारीच्या कल्पनेइतकीच निर्दय होती. पहिली म्हणते, तुझा स्वभाव दगडाचा. दुसरी म्हणते, तुझा स्वभाव मातीचा, आणि कुंभार मी. परमेश्वराच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाचा विचार दोहोंतही नव्हता.

१९११ च्या नव्या कायद्याने ही व्यवस्था सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात नेली आणि नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली. बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी कलकत्त्यात १८९७ मध्ये निघाली. हेमचंद्र बोस आणि अझीझुल हक या दोन हिंदी पोलीस कर्मचाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसवण्यात मोठा वाटा उचलला होता. या शास्त्राचा पायाच असा की, कोणत्याही दोन माणसांची बोटे सारखी नसतात. सख्ख्या भावाची नाहीत, जुळ्याचीही नाहीत. प्रत्येक माणूस वेगळा आहे याचा एवढा निर्विवाद पुरावा हाती आला असताना, तो पुरावा वापरला गेला तो मात्र 'हे सगळे एकच' असे सांगणाऱ्या नोंदवहीसाठी.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तेव्हा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. 'गुन्हेगार'ऐवजी 'विमुक्त' हा शब्द रूढ झाला. शब्द सुंदर आहे. पण राज्याराज्यांनी 'सराईत गुन्हेगार' कायदे केले, मुंबई राज्याने १९५९ मध्ये केला, आणि पोलिसांची जुनी नजर त्या नव्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. ती रानाच्या दृष्टीने आवश्यकच होती, परंतु पारध्याच्या हातातला फास काढून घेताना त्याच्या हातात दुसरे काय द्यायचे, हे कोणी ठरवले नाही.

याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचा तांडा आहे. १ जुलै १९१३ रोजी तेथे वसंतराव नाईक जन्मले. नागपुरात शिकले, पुसदला वकिली केली, आणि डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसांच्या हातांना रोजगार हमीची कामे मिळाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. १९९१ मध्ये त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. तेही गहुलीचेच. गुन्हेगारी आणि राजकारण यांच्या संबंधांविरुद्ध कठोर पावले उचलणारे मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. गन्थॉर्पच्या पुस्तकाच्या वाचकाला हे सांगितले असते, तर त्याचा विश्वास बसला नसता. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नाईकांचे घराणे तांड्याच्या प्रमुखाचे होते, त्याला जमीन होती, आणि मुलाला शिकवण्याची दृष्टी होती. त्याच जिल्ह्यातील ज्या तांड्यांना आणि बेड्यांना जमीन मिळाली नाही, त्यांची मुले ऊसतोडीला किंवा शहरांच्या चौकांत गेली. रक्त एकच, पळस तोच. फरक सात-बाऱ्याच्या उताऱ्यात होता.

विमुक्तांना आपली कैफियत स्वतःच मांडता येऊ लागली, तेव्हा मराठी साहित्यालाही नवा आवाज मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८८ मध्ये. १९९८ मध्ये बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा तरुण कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी एकत्र येऊन काम सुरू केले. पुढे बाळकृष्ण रेणके आणि भिकू इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दोन राष्ट्रीय आयोग झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल देताना, अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहणारी भाषा अजून शिल्लक असल्याची दखल घेतली आणि अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे, मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने २०१२ मध्ये भीक मागणाऱ्या पारधी मुलांसाठी निवासी शाळा काढली. तिचे नाव 'प्रश्नचिन्ह'. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी तिच्या काही इमारती पाडल्या गेल्या, तरी शाळा बंद पडली नाही.

दारव्ह्याच्या पलीकडे वाशिम जिल्ह्यातील कारंजा परिसरात 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांना बरोबर घेऊन माळराने राखण्याचे काम केले आहे. तेथे तणमोर नावाचा दुर्मिळ पक्षी पावसाळ्यात येतो. गवतातून क्षणभर उंच उडी घेतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. तो नेमका कोठे उतरला, मादी कोणत्या गवतात बसली असेल, अंडी कधी घातली जातील, हे पुस्तकी अभ्यासकाला सहजी कळत नाही. पारध्याला कळते. बापजाद्यांनी ही विद्या फास मांडण्यासाठी मिळवली होती. आता तिच्याच बळावर कोणत्या पट्ट्यात गुरे सोडायची नाहीत, हे बेड्यातली माणसे पावसाळ्यापूर्वी ठरवतात.